दोन हातांचं माप

३ मार्च, सोमवार

बारा मिनिटांच्या तपासणीची खरी किंमत: बाकड्यावर पावणेतीन तास, टोकन देणाऱ्या मुलीशी दोन वाद, माझ्या डाव्या पायाला आलेल्या मुंग्या, कारखान्यातली अख्खी दुपार, आणि संध्याकाळी घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही ते वेगळं. फी त्यात धरलेली नाही. फी सगळ्यात स्वस्त पडली.

लेकीला आज बत्तीस आठवडे पुरे झाले. पोटातल्या बाळाची वाढ बघायची सोनोग्राफी होती. आत एकालाच सोडतात, म्हणून जावई गेला. मी दाराबाहेर. पण माझे कान बावीस शिवणयंत्रांच्या गोंगाटात तयार झालेत. सगळी चालू असताना कुठल्या मशीनचा धागा तुटला ते मी केबिनमधून सांगतो. दार काय चीज आहे. आत पडद्यावाला डॉक्टर आकडे बोलत होता आणि बाई टिपून घेत होती. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड. जरा बरं वाटलं. म्हटलं, हे तर आपलंच काम. डोळे मिटले असते तर वाटलं असतं, कोणी शाळेच्या गणवेशाचं माप घेतंय.

मग रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. अंदाजे वजन एक किलो पाचशे ऐंशी ग्रॅम. त्या म्हणाल्या, या आठवड्याची शंभर बाळं वजनानं रांगेत उभी केली तर हे आठवं येईल. शंभरात आठवा नंबर! मी जावयाच्या पाठीवर थाप मारली. तो हळूच म्हणाला, "बाबा, खालून आठवं."

तर असं आहे की डोकं बरोबर आहे, मांडीचं हाड बरोबर आहे, पोटाचा घेर कमी. पंचवीस पूर्णांक सात सेंटिमीटर. नाळेतून खाणंपिणं कमी पडलं तर आधी पोट बारीक राहतं म्हणे. पण नाळेतला रक्तप्रवाह तपासला, तो उत्तम. तेव्हा कदाचित बाळाची चणच लहान असेल. बाई म्हणाल्या, एका मापावरून बाळ केवढं आहे ते कळतं, वाढतंय की नाही ते कळत नाही. त्यासाठी दोन आठवड्यांनी त्याच ठिकाणी, त्याच डॉक्टरांकडून दुसरं माप. तोवर बाळाची हालचाल मोजायची, जेवायचं, आराम करायचा. मधे कुठेही मापं घ्यायची नाहीत.

म्हणजे दोन आठवडे हातावर हात ठेवून बसा. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, आमच्या घरात तीन किलोच्या खाली कोणी जन्माला आलेलं नाही, आमचं हाडच दणकट. तेवढ्यात हिनं, म्हणजे लेकीच्या आईनं, पर्स उघडली आणि बराच वेळ त्यात काहीतरी शोधत बसली. काय हरवलं होतं कोण जाणे.

५ मार्च, बुधवार

डोक्याला ताप. शाळेची साडेतीनशे शर्टांची ऑर्डर आहे. मास्तरनं (माझा कटिंग मास्तर, मी जिन्याखाली एका मशीनवर होतो तेव्हापासून सोबत आहे) सोमवारी मापं घ्यायला नवा माणूस पाठवला. काल शंका आली म्हणून त्याच मुलांची मापं दुसऱ्या माणसाकडून परत घेतली. आता एकाच पोराचा खांदा सोमवारी चौदा आणि मंगळवारी तेरा. पोरगं काय रात्रीत आटलं? एक टेप घट्ट धरतो, एक सैल धरतो. मी दोघांना उभं करून झाडलं. एका अंगाला एकच हात, हा माझ्या कारखान्याचा कायदा आहे. दोन हातांची मापं एका कागदावर आली की तो कागद केरात. चाळीस वर्षं सांगतोय, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी पॅटर्नच्या तपकिरी कागदावर बाळाचा आलेख काढला. आडवे आठवडे, उभे ग्रॅम. त्यावर एकच ठिपका. एका ठिपक्याची रेषा होत नाही, ही त्यातली खरी अडचण. पुढचा ठिपका अठरा तारखेला. तेरा दिवस.

संध्याकाळी लेकीकडे गेलो. दोन गल्ल्या पलीकडे राहतात. ती कुशीवर पडून वहीत काट्या मारत होती. बाळानं लाथ मारली की एक काटी. तासात दहा होतात म्हणाली. मी विचारलं, सकाळी काय खाल्लं, किती खाल्लं, पाळीची तारीख नक्की तीच होती ना, आठवडाभर इकडेतिकडे तर नाही. तारीख आठवडाभर पुढची निघाली तर बाळ रांगेत आपोआप वर सरकेल, असा माझा हिशेब. तिनं सांगितलं की तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत तारीख पक्की झालीये, ती आता कोणी हलवत नाही. हे तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, हे मान्य. पण माणसानं चौथ्यांदा विचारलं तर तोंड फिरवून भिंतीकडे बघायचं का?

जावई वजनमाप खात्यात आहे. दुकानदारांचे काटे तपासून शिक्के मारतो. मी त्याला म्हटलं, तुमचं तर आयुष्य मापात गेलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तर म्हणतो, "बाबा, प्रत्येक काट्याला थोडी सूट धरलेली असते. याला तर जास्तच. शंभराला दहा-पंधरा इकडे, दहा-पंधरा तिकडे. थांबू या." थांबू या! हा मनुष्य घराला आग लागली तरी आधी पाण्याच्या बादलीवर शिक्का आहे का बघेल.

८ मार्च, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. मी काही चुकीच्या हेतूनं केलं नाही.

स्टेशनरोडला नवं तपासणी केंद्र झालंय. काचेच्या भिंती, आरशासारखी फरशी, मशीन गेल्याच महिन्यात आलेलं. मी सकाळी लेकीला फोन करून सांगितलं की डॉक्टरीणबाईंचा निरोप आहे, एकदा तिथेही दाखवून घ्या. निरोप नव्हता. पण खरं सांगितलं असतं तर ती आली नसती, आणि चांगल्या कामासाठी एवढं चालतं. जावई ड्यूटीवर होता. ही घरी. म्हटलं, बरंच झालं.

तिथे एक फॉर्म होता. लेक आत वजन करायला गेली तेव्हा मी भरला. 'आधीच्या तपासण्यांचे रिपोर्ट' असा एक रकाना होता. सोमवारचा रिपोर्ट माझ्या खिशात होता. मी लिहिलं: नाहीत. यात माझी अक्कल अशी की जुना आकडा दाखवला तर हे लोक त्याच्याच आसपासचा छापून देतात. कोरं माप हवं असेल तर कोऱ्या माणसाकडून घ्यावं. गिऱ्हाइकाला जुना शर्ट आणू देत नाही मी, तसंच.

हा डॉक्टर तरुण होता, नम्र. वजन एक किलो पाचशे दहा. पोटाचा घेर पंचवीस पूर्णांक एक. पाच दिवसांत सत्तर ग्रॅम कमी! घेर सहा मिलिमीटर आत! रांगेत आठवं होतं ते तिसरं झालं. खालून. आधीचं काही समोर नसल्यामुळे तो म्हणाला की बाळ फारच लहान आहे, आजच तुमच्या डॉक्टरांना भेटा, थांबू नका.

लेक तेव्हा टेबलावरच होती. मी दारातून म्हणालो, "सोमवारी सत्तर ग्रॅम जास्त होतं." डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं, मग फॉर्मकडे. लेकीनं कोणाकडेच बघितलं नाही. पोटावरची ती चिकट जेली तिनं पुसलीच नाही, तशीच ओढणी घेऊन उठली.

त्यात लिफ्ट बंद. तीन जिने उतरलो. रिक्षात ती दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. मी म्हटलं, काट्या मारायची वही आणलीस का.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तदाब घेतला. दीडशे-शहाण्णव. परत घेतला, तेवढाच. त्यांनी विचारलं, तिकडे कोणी पाठवलं? लेक म्हणाली, "तुम्हीच ना? बाबांना तुमचा निरोप आला होता." बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं.

दोन्ही रिपोर्ट त्यांनी टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. म्हणाल्या, मशीन वेगळं, हात वेगळा, मधे पाच दिवस. एवढ्या दिवसांत बाळ जेवढं वाढतं त्याच्यापेक्षा मापातली चूक मोठी असते. "हे दोन आकडे एकमेकांतून वजा करायचेच नसतात. आणि पोटातलं बाळ पाच दिवसांत सत्तर ग्रॅम वाळत नाही, काका." इथपर्यंत मी ऐकून घेतलं, हायसंही वाटलं. पुढचं मात्र तसं नव्हतं. बाळाच्या मापाची त्यांना आज काळजी नव्हती, लेकीच्या रक्तदाबाची होती. आजवर एकदाही वाढलेला नाही. हा असाच राहिला तर बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देऊन त्याला वेळेआधी बाहेर काढायची वेळ येऊ शकते. तेहतिसाव्या आठवड्यात. दीड किलोचं.

तिला ठेवून घेतलंय. रक्तदाब लिफ्टमुळे वाढला असं माझं मत आहे. गरोदर बायका येतात तिथे लिफ्ट बंद ठेवतात म्हणजे काय? सोमवारी लेखी तक्रार देणार आहे.

९ मार्च, रविवार

सकाळी साडेआठला दवाखान्यात पोचलो. नर्सनं जिन्यापाशीच अडवलं. म्हणाली, पेशंटनं सांगितलंय, वडिलांना खालीच बसवा. मी म्हटलं, चुकून म्हणाली असेल, सासऱ्यांना म्हणायचं असेल. नर्स म्हणाली, तिचे सासरे वरच आहेत.

खालीच बसलो. भिंतीवर मशीन, त्यातून कोमट पाणी. ही वर, जावई वर, व्याही वर. मला दर तासानं जावई येऊन आकडा सांगून जायचा. एकशे छत्तीस-अठ्ठ्याऐंशी. बाळाच्या ठोक्यांचा कागद चांगला. नाळेतला प्रवाह आमच्या जुन्या पडद्यावाल्यानं स्वतः येऊन परत बघितला, उत्तम. मापं घेतली का, विचारलं. "नाही घेतली बाबा. घ्यायची नसतात." हे त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्याच्या डोक्यावर शिक्का मारावासा वाटला.

दुपारी एकशे अठ्ठावीस-चौऱ्याऐंशी. लघवीची तपासणी स्वच्छ. इंजेक्शनं नकोत, असं बाई म्हणाल्या. मग मी गुपचूप वर गेलो.

लेक उशाला टेकून बसली होती. मी म्हटलं, त्या लिफ्टवाल्यांना मी सोडणार नाही. ती म्हणाली, "बाबा, लिफ्टचं राहू द्या. खोटं सांगून नेलंत, त्याचंही मला फार नाही. पण त्या टेबलापासून इथे येईपर्यंत तासभर मी त्याला गेलेलं धरून बसले होते. रिक्षात लाथ बसत होती, तरी मला ती खरी वाटत नव्हती. तुमचा आकडा खरा वाटत होता."

मी म्हटलं, पाणी हवं का. म्हणाली, नको. खाली येऊन बसलो.

११ मार्च, मंगळवार

लेक घरी आली. तिच्या घरी. रक्तदाब आता रोज सकाळ-संध्याकाळ जावई घेतो. काटा त्याच्याच हातात, त्यामुळे खूष असेल. मला फोनवर "ठीक आहे" एवढंच कळतं.

आज ही कपाट आवरत होती. मी नेहमीप्रमाणे तेच दळण दळत होतो, की आपल्याकडे तीन किलोच्या खाली कोणी नाही, मग हे असं कसं, सासरच्या बाजूनं काही असेल. हिनं चादरीची घडी घालता घालता सांगितलं, "लेक जन्मली तेव्हा एक किलो नऊशे होती."

मी म्हटलं, काहीतरीच काय. मी बघितली होती, चांगली गुटगुटीत होती.

"तुम्ही बघितलीत अकराव्या दिवशी. पहिली मोठी ऑर्डर पोचवायला गेला होतात. मी तिला तीन कपड्यांत गुंडाळून तुमच्या हातात दिली. वर कुंची."

एकोणतीस वर्षं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ही म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही रोज टेप घेऊन तिच्या उशाशी बसला असतात. मला तिला पाजायचं होतं."

डॉक्टरीणबाईंना हे तीन तारखेलाच घरी आल्यावर फोन करून कळवलं होतं म्हणे. आई जन्मताना लहान असेल तर बाळही चणीनं लहान असू शकतं, हे त्यांना धरता आलं. जावयाला माहीत, लेकीला माहीत. व्याह्यांनाही माहीत! सगळ्या गावाला माहीत, फक्त घरच्या मालकाला नाही. माझ्यापासून लपवायचं कारण काय, ते काही केल्या लक्षात येत नाही. मी काय वाघ आहे?

कारखान्यात जाऊन हे सगळं मास्तरला सांगितलं. तो कात्री थांबवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "शेठ, मग तो दुसरा कागद तुम्ही केरात का नाही टाकला?" मी त्याला म्हटलं, तू कॉलर बघ. तपकिरी कागदावर मी दोन ठिपके जोडून खाली जाणारी रेषा काढली होती. ती मात्र घरी येऊन फाडली. कागद जाड असतो तो, पटकन फाटत नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज खरी दुसरी सोनोग्राफी. तेच केंद्र, तोच पडद्यावाला, तेच मशीन, पंधरा दिवस पुरे. मला बोलावलं नाही. कारखान्यात बसून तीन चहा प्यायलो, दोन कामगारांना विनाकारण बोललो, एकाची माफी मागितली.

चार वाजता जावई स्वतः आला. उभ्या उभ्या म्हणाला, "वाढतंय. आपल्या रेषेवर आहे." मी विचारलं, आकडा? तो म्हणाला, आकडा तिनं सांगायला नाही सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे काय, मी आजोबा आहे की परका? तो म्हणाला, "बाबा, तेव्हाही आठवं होतं, आताही आठवंच आहे. रांग पुढे सरकली तसं तेही सरकलं. लहान आहे, पण जेवढं सरकायला हवं तेवढं सरकतंय. रक्तप्रवाह चांगला. तिचा रक्तदाब चांगला." एका दमात एवढं बोलताना मी त्याला लग्नातही ऐकलं नव्हतं.

जाताना त्यानं माझ्या टेबलावरची मीटरपट्टी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली. टोक झिजलंय म्हणाला. दोन मिलिमीटर.

३० मार्च, रविवार

लेक जेवायला आली. रुसवा काल संपला की आज, ते कळलं नाही. विचारायची सोय नाही. ती दारातून आत आली, जेवणाच्या टेबलाशी आडवी वळून खुर्चीत बसली, तेवढं मला पुरे होतं. चाळीस वर्षं मी माणूस दारातून आत येतानाच त्याची छाती-कंबर सांगतो. टेप लावतो तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. त्या पोटात आठव्या-बिठव्या नंबरचं काही नाही. वेळ भरेल तेव्हा तीन किलो शंभर. तोंडानं बोललो नाही, कानाला खडा लावलाय. हिला तेवढं स्वयंपाकघरात सांगितलं. पुऱ्या आत्मविश्वासानं सांगितलं की शंभर ग्रॅम इकडेतिकडे झालं तर कारखान्याची पाटी उतरवीन. ही म्हणाली, पाटी राहू द्या, पाणी भरा.

८ एप्रिल, मंगळवार

शेवटची सोनोग्राफी. या वेळी आकडा मला सांगितला गेला, तोही लेकीनं स्वतः, फोनवर: दोन किलो तीनशे ऐंशी. पोट थोडं मागे, डोकं बरोबर, पाणी बरोबर, प्रवाह बरोबर. सदतीस आठवडे झालेत. लहान बाळाला चाळीसपर्यंत ताणायचं नाही, पुढच्या आठवड्यात कळा आणू, असं बाईंनी ठरवलंय. मी "बरं" म्हटलं. ती थोडं थांबली. बहुतेक मी अजून काही विचारीन अशी वाट बघत होती. मी विचारलं, पायाला सूज आहे का. नाही म्हणाली. मग ती आपणहून बराच वेळ बोलली, पाळण्याबद्दल, झोपेबद्दल, जावई घोरतो त्याबद्दल.

दोन किलो तीनशे ऐंशी मला पटलेलं नाही. त्याच्या मशीनला सूट आहे ना, जावईच म्हणाला होता. माझ्या नजरेला सूट नाही.

१६ एप्रिल, बुधवार

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नात झाली. लेक सुखरूप. बाळ लगेच रडलं. मी खाली बाकड्यावर होतो, तरी मला ऐकू आलं. दोन मजले, तीन दारं. बाकी कोणाला आलं नाही.

या वेळी जिन्यापाशी कोणी अडवलं नाही. वर गेलो तर लेक घामेजलेली, केस कपाळाला चिकटलेले, आणि तिच्या कुशीत एक गुंडाळी. मी लांब उभा राहिलो. ती म्हणाली, "या ना बाबा. बसा, आणि हात द्या." ही माझ्या कोपराखाली उशी ठेवायला पुढे झाली. मी तिला म्हटलं, आधी ते कपडे सोडव. ही हसली. लेकीनं स्वतः सोडवलं.

हातपाय बारीक. पायाची बोटं पॅन्टच्या बटणांएवढी. एक डोळा उघडा, त्यानं ती माझंच माप घेत असल्यासारखी बघत होती. एवढी हलकी गोष्ट इतकी जड कशी लागते ते मला सांगता येणार नाही. जावई खिडकीपाशी पाठ करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. चाळीस वेळा "थांबू या" म्हणणारा मनुष्य.

लेक म्हणाली, "बोला बाबा. नजरेनं."

मी दोनदा बघितलं, हात थोडा वरखाली केला, आणि अगदी मनापासून सांगितलं, "तीन किलो शंभर."

नर्सनं पायाला बांधलेली पट्टी वाचली. दोन किलो चारशे साठ.